पंचवीस तारखेपर्यंतचा राग

वाय्यापंपा, ३ ऑगस्ट

एर्मेलिंदा,

खुशाली विचारत नाही. तू माझा नंबर ब्लॉक केलास म्हणून हा कागद. पोलिकार्पो त्याच्या बसमधून आरेकिपाला नेईल आणि मार्केटात तुझ्या गाळ्यावर टाकून जाईल. फाडलास तर दुसरा पाठवीन. वह्या भरपूर आहेत माझ्याकडे.

गेल्या रविवारी तू काय केलंस ते तुला आठवत असेलच, तरी लिहिते. मेलितोनला जाऊन वर्ष झालं म्हणून मी मिस्सा ठेवली. मिस्सा संपल्यावर चर्चच्या अंगणात मी सूप वाढत होते. चाळीस माणसं असतील. तू, त्याची सख्खी मोठी बहीण, उठलीस आणि माझ्या हातचा वाडगा सगळ्यांदेखत जमिनीवर पालथा केलास. म्हणालीस, "हिच्या हातचं माझ्या घशाखाली उतरत नाही. माझा भाऊ सात वर्षांचा होता तेव्हापासून घोड्यावर बसायचा, जन्मात कधी पडला नाही. या मुक्या ढोराशी संसार करून करून त्याचा जीव विटला होता. मातीला हिच्या डोळ्यात टिपूस तरी होतं का, सांगा तुम्हीच!"

चाळीस माणसं वाडग्यात बघत बसली. सूप मातीत मुरत होतं आणि तुझ्या शेजारी बसलेला म्हातारा पाय बाजूला घेत होता.

मी एप्रनला हात पुसले आणि पुढच्या माणसाला वाढलं. नंतर दोन-तीन बायका येऊन म्हणाल्या, किती सोशीक गं तू निकोलासा. सोशीक कसली डोंबलाची! रागात माझी जीभ टाळ्याला चिकटते, लहानपणापासून. बापाने वादीने फोडून काढलं तेव्हासुद्धा तोंडातून 'आई गं' निघालं नाही. कागदावर मात्र मी तशी नाही, हे तुला आता कळेल.

तर ऐक. पंचवीस डिसेंबरला, येशूजन्माची मिस्सा झाली की, दरवर्षी भांडणं ठोशांनी मिटवतात त्या सांतो तोमास गावच्या मैदानात मी तुझं नाव घेणार आहे. पूर्ण नाव, बापाच्या आणि आईच्या आडनावासकट. तू यायचंस. आधी मिठी, मग ठोसे-लाथा, मग पुन्हा मिठी. आणि रीत तुला मी शिकवायला नको. शेवटची मिठी झाली की ते भांडण संपलं, त्याबद्दल पुन्हा कुणी अवाक्षर काढायचं नाही. म्हणजे मेलितोनच्या पडण्याबद्दल तू या गावात परत कधीच तोंड उघडायचं नाहीस. मला तेवढंच हवंय. तुझं नाक मोडलं तर ती वरची मजा.

नाही आलीस तर मी तीनदा नाव घेईन आणि तीनदा तू नसशील. मग वर्षभर सगळं खोरं काय म्हणेल ते तूच ठरव. आरेकिपाला गेलीस म्हणून तुझं नाव काही इथून पुसलं गेलेलं नाही.

आणखी एक. सोमवारी मला दवाखान्यात नेलं, बीपी एकशे ऐंशीच्या वर गेलं होतं. ती नवी नर्स, लुसमिला, तिने खुर्चीत बसवलं आणि सांगितलं, "निकोलासाबाई, कुणी अपमान केला की लगेच उत्तर देऊ नका. पोटावर हात ठेवा, सावकाश श्वास घ्या आणि बघा, राग अंगात कुठे बसलाय. हाकलायचा नाही, दाबायचा नाही. नुसता बघायचा." पुढेही ती काहीतरी सांगत होती, पण मी उठलेच. मला हवं ते मिळालं होतं. डिसेंबरला अजून पाच महिने आहेत. एवढा राग पाच महिने टिकवायचा तर रोज त्याच्याकडे बघायलाच हवं, नाही का? नाहीतर विझायचा मेला मधेच.

निकोलासा


वाय्यापंपा, १९ सप्टेंबर

एर्मेलिंदा,

तुझा निरोप पोचला. कागदावर दोन ओळी लिहायला तुझे हात झिजतात वाटतं? पोलिकार्पोने भर स्टँडवर, बसची काच खाली करून, सगळ्या उतारूंसमोर सांगितलं: "निकोलासा, तुझी नणंद म्हणते, आरेकिपाला आल्यापासून तिचं अकरा किलो वजन वाढलंय आणि ते सगळं दंडात गेलंय!" अख्खी बस हसली. मीही हसले असते, पण मी तुझ्यावर चिडलेली आहे ना, म्हणून हसले नाही.

माझी तयारी सांगते, म्हणजे झोप उडेल तुझी. प्रिमितिवा मावशी मला शिकवतेय. बहात्तर वर्षांची आहे, पुढचे दोन दात मैदानात ठेवून आलेली. अकरा वर्षं दर डिसेंबरात लढली ती. परसातल्या निलगिरीला आम्ही एक पोतं टांगलंय, वाळलं गवत भरून. आधी ते सडपातळ होतं. मी म्हटलं, मावशी, एर्मेलिंदा अशी दिसत नाही. मग पोटात आणखी दोन भारे कोंबले. आता पुष्कळ सारखं दिसतं.

मावशी पायरीवर बसून बटाटे सोलते आणि ओरडते. "अगं, हात काय बाळ घेतल्यासारखा धरतेस? कोपर आत!" "लाथ मारताना डोळे कसले मिटतेस, नवी नवरी आहेस का?" "केस नाही, दात नाही, पडलेलीला हात नाही. विसरलीस तर मैदानातला चाबूकवाला पंच तुझीच पाठ सोलेल." काल माझ्या उजव्या हाताच्या ठोशाने पोतं उसवलं. मावशीने सोललेला बटाटा मला खायला दिला. उकडलेला नव्हता, कच्चाच होता, पण तिच्याकडून एवढं म्हणजे खूप झालं.

आणि हो, रोजचं बघणंही चालू आहे. सकाळी गिनीपिगांना चारा घातला की मी बांधावर बसते, पोटावर हात ठेवते. पहिले पंधरा दिवस मजा आली. राग मुठीत असायचा, दाढांमध्ये असायचा. मी डोळे मिटून तुला मारायचे. तू पडायचीस, उठायचीस, परत पडायचीस. एकदा तर तू माफी मागितलीस आणि मी ती घेतली नाही. छान वाटलं.

बटाट्याची लावणी सुरू झाल्यापासून मात्र तो सरकलाय. मुठी सोडल्या, दाढा सोडल्या आणि गळ्यात जाऊन बसलाय. घास गिळताना कळतो. मी लुसमिलाकडे गेले, म्हटलं, घसा धरलाय, काहीतरी गोळी दे. तिने टॉर्च मारून बघितलं आणि म्हणाली, "घशात काही नाही. गळ्यात बसलेल्या रागाला बहुतेक काही बोलायचं असतं. तुम्हाला कुणाला काय सांगायचंय?"

मी म्हटलं, "नणंदेला शिव्या."

"मग द्या की. दार लावते मी. आत्ताच द्या."

मी तोंड उघडलं. पोतंभर शिव्या होत्या माझ्याकडे, सप्टेंबरपर्यंत नवीनही बऱ्याच जमवल्या होत्या. एकही निघाली नाही. लुसमिला वाट बघत बसली. शेवटी मी खोकले आणि घरी आले. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या करतेय.

तुझ्या मामेभावाला सांग, त्याचं खोगीर परत पाठवलंय. सणासाठी खोगीर आवळायचा नवा तंग शिवून दे म्हणत होता. मी आता तंग शिवत नाही. बोटांचे सांधे धरलेत.

निकोलासा


वाय्यापंपा, ३ नोव्हेंबर

एर्मेलिंदा,

पोलिकार्पो सांगत होता, तू माझी पत्रं फाडत नाहीस, मिरच्यांच्या डब्यामागे ठेवतेस. ठेव. पंचवीस तारखेला बरोबर आण, नाक पुसायला होतील.

काल मृतांचा दिवस होता. तू येशील असं तुझ्या भावकीला वाटत होतं. आली नाहीस. मीच मांडलं सगळं: त्याची मक्याची दारू, चिचा, त्याच्या कोकाची पानं, भाजलेला मका, सुकवलेल्या बटाट्याचं सूप. सूप म्हटल्यावर तुझं तोंड वाकडं झालं असेल. होऊ दे.

पावाचा घोडाही केला रीतीप्रमाणे, मेलेल्याला वाटेवर न्यायला. कान केले, शेपूट केली, खोगीर चिकटवलं, लगाम वळला. पोटाखालचा तंग करायला पिठाची वळी घेतली आणि हात थांबला. शेवटी घोडा तसाच भट्टीत घातला आणि खोगीर भाजताना एका बाजूला घसरलं. तसाच मांडला. मेलितोनने पाहिलं असेल तर पाहिलं.

तुला एक गोष्ट माहीत नाही. सांगायची नव्हती, पण परवा बांधावर बसले होते आणि ती गळ्यातून वर आली, आता खाली जात नाहीये.

गेल्या वर्षी जुलैमध्ये आमच्या आवाराची भिंत बांधायला सहा माणसं आली होती. दुपारी जेवायला बसली. त्यातला एक म्हणाला, सणाला घोडा न्यायचाय, तंग कुणाकडून शिवून घेऊ. मी तिथेच वाढत होते. माझ्या बापाचा हात सगळ्या खोऱ्यात नावाजलेला होता आणि तो हात मला मिळालाय, हे लहान पोरालाही ठाऊक आहे. आणि तुझा भाऊ काय म्हणाला माहितीये? "सांतो तोमासच्या दुकानातून घे बाबा. हिच्या हाताला आता जोर राहिला नाही. तो हात म्हाताऱ्याबरोबरच पुरला." सगळे हसले. तोही हसला. चिचा चढली होती, मान्य आहे. पण चढली म्हणून काय माझ्या मेलेल्या बापाला जेवणात ओढायचं?

मी वाढत राहिले. आणि मग बोलणं बंद केलं. पाच दिवस. सकाळी पाणी ठेवायचे, जेवण ठेवायचे, बोलायचे नाही. त्याने पहिल्या दिवशी थट्टा केली. दुसऱ्या दिवशी विचारलं, "काय गं, काय झालं?" तिसऱ्या दिवशी तोही चिडला आणि त्यानेही तोंड मिटलं. त्याला वाटलं, हिने आधी बोलावं. मला वाटलं, त्याने आधी बोलावं, माझ्या बापाचं नाव घेऊन माफी मागावी.

तेव्हा तू म्हणालीस ते मुकं ढोर होते मी. बरोबर ओळखलंस. पण का होते हे तुला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नसताना तू चाळीस माणसांत ते म्हणालीस. त्याबद्दल मी तुला मारणार आहे, यात काडीचा बदल नाही. मावशीने आता डाव्या हाताचं शिकवायला घेतलंय.

बाकीचं लिहीत नाही. एवढंच पुरे.

निकोलासा


वाय्यापंपा, १४ डिसेंबर

एर्मेलिंदा,

हे पत्र तीनदा लिहून चुलीत घातलं. हे चौथं.

मंगळवारी मी लुसमिलाकडे गेले आणि विचारलं, "पहिल्या दिवशी मी मधेच उठून गेले, तेव्हा तू पुढे काय सांगणार होतीस?" तिला आठवत होतं. म्हणाली, "बघून झालं की बोलायचं असतं, निकोलासाबाई. ज्याला बोलायचं त्यालाच, आवाज न चढवता. अर्ध्यावर सोडलं तर नुसतं बघणंही वाईट." मी म्हटलं, "हे आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "तुम्ही दारापर्यंत पोचला होतात."

तर बोलते.

मेलितोनच्या घोडीचा तंग दरवर्षी जुलैतल्या सांतियागोच्या सणाआधी मीच बदलायचे. सणाच्या चार दिवस आधी मी तो हातात घेतला होता, नेहमीप्रमाणे. कडीजवळची शिवण गेली होती आणि कातड्याला आतून चीर पडली होती. बाहेरून दिसत नव्हती. बोट फिरवलं की कळायची. मांडीवर आरी होती, ओली करून ठेवलेली वादी होती. अर्ध्या तासाचं काम. मी तंग परत खुंटीवर अडकवला. मनात म्हटलं, दुकानातून आण म्हणालास ना? आण मग.

त्याने आणला नाही. चोवीस जुलैला सकाळी त्याने घोडीवर खोगीर टाकलं आणि तोच तंग आवळला. मी अंगणात शेणी उलथत होते. दहा पावलांवर. आवळून झाल्यावर त्याने माझ्याकडे पाहिलं. थोडा वेळ उभा राहिला. मी त्याच्याकडे पाठ केली. माझ्या जिभेवर होतं, एर्मेलिंदा. 'थांब' एवढंच म्हणायचं होतं. पण आधी मी बोलले असते तर पाच दिवसांचा सगळा राग फुकट गेला असता, असं वाटलं मला. एवढ्याशा गोष्टीसाठी मी तोंड उघडलं नाही.

नदीच्या उतारावर खोगीर फिरलं. दगडावर डोकं आपटलं. ट्रकमधून सांतो तोमासला नेताना त्याचं डोकं माझ्या मांडीवर होतं आणि तेव्हा मी बोलत होते, सारखी बोलत होते. त्याला ऐकू येत होतं की नाही, कुणाला माहीत. रस्त्यातच गेला. लोक म्हणाले, पडताना तंग तुटला. मी म्हटलं, हो. आणि घरी आल्यावर तो चुलीत घातला.

मातीला रडले नाही म्हणालीस. रडायला तोंड उघडावं लागतं. मला भीती होती, उघडलं तर हेच बाहेर पडेल.

आता तुला कळलं, मैदानाचा हट्ट कशासाठी होता. तुला मारायचं, मिठी मारायची आणि रीतीच्या जोरावर तुझं तोंड कायमचं बंद करायचं. तू अंधारात दगड मारलास आणि तो नेमका लागला, म्हणून एवढी पेटले मी. खोटं बोलली असतीस तर दोन दिवसांत विसरले असते.

आता तू काय करायचं ते कर. गावसभेत सांग. पोलिसांत जा. तुझा हक्क आहे, तुझा भाऊ होता. पण आलीस तर मैदानात ये. मला तुझ्याकडून शांतपणे काही ऐकायचं नाहीये, तुझ्या हातून ऐकायचंय. आणि सूप पालथं केलंस त्याचं मी वेगळं देणार. दोन गोष्टी एकमेकीत मिसळू नकोस.

निकोलासा


वाय्यापंपा, २८ डिसेंबर

एर्मेलिंदा,

एका डोळ्याने लिहितेय. डावा अजून उघडत नाही. अक्षर वाकडं आलं तर तो तुझाच पराक्रम.

तू मैदानातून त्याच दुपारच्या बसने निघून गेलीस. नाकाचं काय झालं, तेही सांगितलं नाहीस. पोलिकार्पो म्हणतो, वाटेत दोनदा बर्फ मागितलास. म्हणजे बरं लागलंय. मावशी खूश आहे.

पहिल्यांदा नाव घेतलं तेव्हा कुणी हललं नाही. दुसऱ्यांदा घेतलं तेव्हा लोक एकमेकांकडे बघायला लागले. एक जण म्हणाला, "आरेकिपावाली घाबरली वाटतं!" मला आधी बरं वाटलं. मग वाटलं, पत्र वाचून आता ही माझं तोंडसुद्धा बघणार नाही. तिसऱ्यांदा नाव घेताना माझा आवाज निघेना. तेवढ्यात गाणाऱ्या बायकांच्या मागून सणाच्या हिरव्या लोकरी मुखवट्यातली एक धिप्पाड बाई पुढे आली आणि तिने मुखवटा काढला. अकरा किलो खोटे नव्हते गं.

पहिल्या मिठीत तू लाकडासारखी ताठ होतीस. मी ठरवून आले होते, हात खाली ठेवायचे. पहिले ठोसे खायचे, ते मेलितोनच्या वाटचे. तुला ते कळलं असणार, म्हणून तू एवढ्या जोरात मारलंस. डोळ्यावर एक. ओठावर एक. मी उभी राहिले. चाबूकवाला ओरडला, "लढायचंय की उभं राहायचंय, बाई?" लोक हसायला लागले. मग तू माझ्या नडगीवर लाथ घातलीस आणि सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणालीस, "मुकं ढोर!"

काय झालं ते तुला बाहेरून दिसलं नसेल, म्हणून सांगते. राग आला तेव्हा मी त्याच्याकडे पाहिलं. पाच महिन्यांची सवय. पोटातून निघाला, छातीत आला, गळ्यापर्यंत आला. हात जाऊ द्यायचा की नाही, हे ठरवायला मला पुरेसा वेळ होता, एर्मेलिंदा. जन्मात पहिल्यांदा एवढा वेळ होता. मी नीट विचार केला आणि तुझं नाक फोडलं.

आणि ओरडले. काय ओरडले, ते मलाच माहीत नाही. मावशी म्हणते, शब्द नव्हताच, नुसता आवाज, आणि गाणाऱ्या बायका गायच्या थांबल्या. त्यानंतरचं मला तुकड्यातुकड्यांत आठवतं. तुझं कोपर, धूळ, मी पडले तेव्हा तू हात आवरून उभी राहिलीस ते, मग माझा डावा. चाबकाचा आवाज झाला आणि आपण लांब झालो.

शेवटची मिठी. तुझं रक्त माझ्या खांद्यावर आणि माझं तुझ्या. मी सोडायला गेले, तू सोडेनास. चाबूकवाल्याला वाटलं, अजून चालूच आहे. ओरडायला लागला, "सोडा गं, झालं ना आता!" आणि तू माझ्या कानात म्हणालीस, "पडला त्याच्या आदल्या दिवशी त्याने मला फोन केला होता."

मला वाटलं, कानात रक्त गेलंय. मी म्हटलं, परत सांग.

तू परत सांगितलंस. तो टेकडीवर चढून गेला होता, फोनला रेंज येते तिथे. म्हणाला होता, "ताई, तंग गेलाय. निकोलासाला सांगायला हवं, पण आधी मी बोललो तर हरलो. काय करू?" आणि तू हसलीस. तू म्हणालीस, "आधी तू बोललास तर माझा भाऊ नाहीस. बायकोसमोर वाकतोस कसला? दुकानातून आणशील उद्या." तोही हसला. आणि फोन ठेवला.

मी तुला सोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या, कारण शेवटची मिठी एवढी लांब कुणी मारलेली त्यांनी बघितली नव्हती. म्हणाले, बघा, याला म्हणतात मिटणं.

तीन दिवस झाले. त्या सकाळी तो घोडीजवळ उभा राहून माझ्याकडे का बघत होता, हे मला आता माहीत आहे. त्याला ठाऊक होतं. मला ठाऊक होतं. तुला आरेकिपात बसून ठाऊक होतं. तीन माणसांना एक तंग झिजलेला माहीत होता आणि तिघांपैकी एकानेही कमीपणा घेतला नाही. म्हणून वर्षाच्या मिस्साला तू वाडगा पालथा केलास होय? माझ्या हातचं नव्हतंच उतरत, स्वतःचंच अडकलं होतं. आणि ते तू माझ्या डोक्यावर ओतलंस, चाळीस माणसांसमोर, कारण मी बोलणार नाही हे तुला पक्कं माहीत होतं. इतकी चीड आलीये मला तुझी! आणि काल दिवसभर मी रडले, मोठ्याने, दार उघडं ठेवून. शेजारीण विचारायला आली, तिलाही घालवलं नाही.

रीतीप्रमाणे मिटलंय. गावाच्या दृष्टीने मिटलंय, त्याबद्दल आता कुणी बोलायचं नाही. मी बोलतेय. मी तुला माफ केलेलं नाही. तूही मला करू नकोस, लुसमिला काहीही म्हणो. कुणी मला जवळ घेऊन 'जाऊ दे, नशिबात होतं' म्हणालं की माझं डोकं फिरतं. तू तसं म्हणणार नाहीस, तेवढा विश्वास आहे तुझ्यावर.

म्हणून आत्ताच सांगून ठेवते. पुढच्या पंचवीस डिसेंबरला मी परत तुझंच नाव घेणार आहे. त्याच्या पुढच्या वर्षीही. कशासाठी, असं चाबूकवाला विचारेल. काहीतरी सांगू, कोंबडी चोरली म्हणू. तू ये. म्हातारी झालीस, गुडघे गेले, तरी ये. बाकी सगळ्यांचं मेलितोनबद्दल बोलून झालंय. त्याच्यावरून भांडायला आता जगात तू एकटीच उरली आहेस.

निकोलासा